पट्ट्यांच्या मधला सूर

जर्मनीतल्या होनर कंपनीने १८९६ साली ‘मरीन बँड’ नावाचा दहा भोकांचा माउथ ऑर्गन बाजारात आणला. खिशात मावणारं, स्वस्त आणि साध्यासोप्या चाली वाजवायला बरं असं ते वाद्य. ते अमेरिकेत पोचलं आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी ते चक्क भलत्याच पट्टीत वाजवायला घेतलं. अमेरिकेचं लोकप्रिय संगीत कुठून आलं, या प्रश्नाला ‘ताल आफ्रिकेचा, हार्मनी युरोपची’ असं ठरलेलं उत्तर मिळतं. ते खोटं नाही, पण फार ढोबळ आहे. त्यापेक्षा या माउथ ऑर्गनचं तिसरं भोक बरंच काही सांगून जातं.

पांढरी एकचा माउथ ऑर्गन घ्या. त्याच्या प्रत्येक भोकात दोन रीड (थरथरून वाजणाऱ्या धातूच्या पात्या) असतात, एक फुंकल्यावर वाजणारा आणि दुसरा श्वास आत ओढल्यावर. कारखान्याच्या हिशेबाने सा पांढरी एकवर. ब्लूज, म्हणजे या कृष्णवर्णीयांचं गाणं, वाजवणारा मात्र सा धरतो पांढरी पाचवर. मग पहिल्या पाच भोकांतून नुसता श्वास ओढला की प, सा, ग, प आणि कोमल नि असे सूर येतात. संगीताच्या विद्यार्थ्याला ही मूर्च्छनेची (सूर तेच, सा वेगळा) गंमत लगेच कळेल. खरी करामत पुढेच आहे. तिसऱ्या भोकात फुंकीचा सूर सा आणि ओढीचा शुद्ध गंधार. ओढता ओढता वादक जीभ मागे घेऊन तोंडाची पोकळी मोठी करतो. पोकळीचा अनुनाद खाली येतो, गप्प बसलेला फुंकीचा रीडही थरथरू लागतो आणि दोघांच्या ओढाताणीत सूर घसरतो. शुद्ध गंधारावरून कोमल गंधार, रिषभ, थेट कोमल रिषभापर्यंत, मधे कुठेही पायरी न लागता. जर्मन कारागिरांच्या आराखड्यात हे कुठेच नव्हतं.

हा खटाटोप कशासाठी? ब्लूजला जो गंधार हवा असतो तो पियानोवर नाही म्हणून. सा २२० हर्ट्झवर धरला तर पियानोचा कोमल गंधार २६१.६ वर येतो आणि शुद्ध गंधार २७७.२ वर. ब्लूजचा गायक या दोहोंच्या मधे, २६९च्या आसपास रेंगाळतो, आणि तिथेही स्थिर राहत नाही. निषादाचं तसंच. पियानोचा कोमल निषाद ३९२ हर्ट्झ. पण तारेच्या नैसर्गिक स्वनांमधला सातवा स्वन (मूळ सुराच्या सातपट कंपनसंख्येचा) याच सप्तकात आणून बसवला तर ३८५ येतो, म्हणजे चांगलाच उतरलेला. जुन्या मरीन बँडमध्ये ओढीचे सूर एकत्र घुमावेत म्हणून पाचव्या भोकाचा निषाद नेमका या उतरलेल्या जागेजवळ लावलेला असे. हा मात्र योगायोग, आणि तो ब्लूजवाल्यांच्या पथ्यावर पडला. मधले सूर निघत नाहीत असा हार्मोनियमवर आपल्याकडे जो आक्षेप घेतला गेला आणि ज्यापायी आकाशवाणीने १९४० पासून तीन दशकं तिला दार बंद ठेवलं, त्याच जातीची ही अडचण आहे.

गिटारवर हाच सूर उलट्या दिशेने गाठावा लागतो. पडद्यावर दाबलेली तार बोटाने आडवी ढकलली की ताण वाढतो आणि सूर चढतो. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून कोमल गंधारावरून अर्ध्या सेमीटोनने (पियानोच्या लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराच्या निम्म्याने) वर जायला ताण साधारण ६ टक्के वाढवावा लागतो. दाबलेली तार ढकलून सूर उतरवता येत नाही. त्यामुळे माउथ ऑर्गनवाला मधल्या जागेत वरून उतरतो आणि गिटारवाला खालून चढतो. पियानोवाल्याला दोन्ही वाटा बंद. तो कोमल आणि शुद्ध गंधाराच्या पट्ट्या जवळजवळ एकदम ठोकतो आणि उरलेलं काम ऐकणाऱ्याच्या कानावर सोपवतो.

या कानाचं मूळ शोधायला पश्चिम आफ्रिकेत जावं लागतं. अटलांटिकपार नेलेल्या सुमारे सव्वा कोटी गुलामांपैकी थेट उत्तर अमेरिकेत उतरवले गेले ते जेमतेम चार लाख. त्यातला मोठा वाटा सेनेगांबियाच्या, म्हणजे आजच्या सेनेगल-गांबियाच्या, बाजूचा. ऑस्ट्रियन संशोधक गेरहार्ड कुबिक यांनी ब्लूजचे धागे मुख्यतः सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या गवताळ पट्ट्याशी जोडले. तिथे एकट्याने तंतुवाद्यावर गाणं, आवाज लांबवून हेलकावे देणं हे मुरलेलं होतं, आणि इस्लामी गायकीचा संस्कारही होता. ढोलांचा गजर हीच आफ्रिका, असं समजणाऱ्यांना हे खटकतं. त्यात कायद्याचीही भर पडली. १७३९ मध्ये साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी ढोल वाजवत बंड केलं. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने गुलामांना ढोल आणि शिंगं बाळगायला मनाई झाली. तंतुवाद्यांवर अशी बंदी आली नाही.

बँजो हे त्यांतलं ठळक वाद्य. आज तो गोऱ्या डोंगरी शेतकऱ्याचं वाद्य म्हणून ओळखला जातो, पण अठराव्या शतकाच्या अखेरीस साउथ कॅरोलायनात काढलेल्या एका चित्रात तो गुलामाच्या हातात आहे. अर्धा कापलेला भोपळा, त्यावर ताणलेलं कातडं, लांब दांडी. सेनेगांबियातल्या जोला लोकांच्या अकोंटिंगची ठेवण अशीच, आणि एक आखूड तार दोन्हींकडे. मूळ बँजोला पडदे नव्हते, त्यामुळे मधले सूर फुकटात मिळत. पडदे रुळले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाद्य कारखान्यांत बनू लागल्यावर. त्याआधी १८४०च्या दशकात तोंडाला काजळी फासलेल्या गोऱ्या नटांनी बँजो रंगभूमीवर नेला होता. काळ्यांची टिंगल करणारे ते खेळ अमेरिकेतली पहिली मोठी देशव्यापी करमणूक ठरले. या संगीताच्या इतिहासात प्रेम आणि चोरी वेगळी काढणं अवघड आहे ते तेव्हापासून.

आता युरोपचा वाटा. ब्लूजच्या बारा मात्रागटांच्या चौकटीखाली जे तीन कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरगट) फिरतात ते चर्चच्या भजनांतून आणि गोऱ्यांच्या लोकगीतांतून आले. गिटारच्या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार वाजतोय आणि गळा त्याच्याखाली अडून बसलाय, ही रस्सीखेच म्हणजेच ब्लूज. नुसत्या आफ्रिकेत किंवा नुसत्या युरोपात ती झाली नसती. बाटलीचा गळा किंवा सुरी तारेवर घासत सूर काढण्याच्या पद्धतीला हवाईचाही हातभार लागला. १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर हवाईयन गिटारचं वेड देशभर पसरलं. बाजारात जम बसवणारी पहिली इलेक्ट्रिक गिटार, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीची रिकनबॅकर, हीसुद्धा मांडीवर ठेवून वाजवायची हवाईयनच होती.

रेकॉर्ड कंपन्यांनी १९२०च्या दशकात हे सगळं दोन कप्प्यांत घातलं: काळ्या गिऱ्हाइकांसाठी ‘रेस’, गोऱ्या खेडुतांसाठी ‘हिलबिली’. प्रत्यक्षात गाणारे इतके सोवळे नव्हते. कंट्री संगीताचा पाया मानल्या जाणाऱ्या कार्टर कुटुंबासाठी डोंगराळ भागात गाणी गोळा करत फिरायला लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक सोबत असे. गाण्यांच्या चाली तो डोक्यात साठवून आणी. एल्व्हिस प्रेस्लीच्या १९५४च्या पहिल्या रेकॉर्डच्या एका बाजूला आर्थर क्रुडपचा ब्लूज होता आणि दुसऱ्या बाजूला बिल मनरोचं ब्लूग्रास, म्हणजे गोऱ्यांचं कंट्री गाणं. कप्पे करणाऱ्यांची चांगलीच पंचाईत झाली असणार.

मुंबईला हा सूर १९३०च्या दशकात भेटला, ताजमहाल हॉटेलात. लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद, मग पियानोवादक टेडी वेदरफोर्ड तिथे वाजवून गेले. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन वाचायला शिकलेले वादक मुंबईत होतेच. पण हा सूर नोटेशनमध्ये नीट लिहिताच येत नाही, तो ऐकूनच उचलावा लागतो. हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट याने तो इतका उचलला की लोक त्याला, अमेरिकेतल्या नामवंत जॅझ ट्रम्पेटवादकावरून, मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. सी. रामचंद्रांनी त्याला सिनेमात घेतलं आणि तो बाज हिंदी गाण्यांतून मराठी घरांपर्यंत पोचला.

या सुराची सगळ्यात मोठी अडचण मात्र अलीकडची आहे. तेलाचे साठे शोधायला भूकंपलहरींचं गणित करणाऱ्या अँडी हिल्डेब्रँड यांनी १९९७ मध्ये ऑटो-ट्यून हे गायकाचा सूर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर आणलं. ते आवाजाची लहर तिच्याच पुढे सरकवलेल्या नकलेशी ताडून कंपनसंख्या काढतं आणि सूर जवळच्या पट्टीवर ओढतं. २६९ हर्ट्झचा गंधार त्याच्या दृष्टीने बेसूर, म्हणून तो २६२वर तरी जातो नाहीतर २७७वर. स्टुडिओतल्या जाणत्या ध्वनिमुद्रकाला अशा जागी यंत्राचा वेग मंद करावा लागतो, किंवा तेवढे सूर वगळून त्यांची वळणं हाताने आखावी लागतात.