सॅनिटरी बॅग जमवणे

हॉटेलच्या बाथरूममध्ये नाहीतर सार्वजनिक टॉयलेटात वापरलेलं पॅड टाकायला जी छोटी पिशवी ठेवलेली असते, ती कोरी असतानाच घरी आणून जपायचा हा छंद. काडेपेटीचे छाप जमवणाऱ्यांच्याच जातकुळीतला, फक्त पाव्हण्यांसमोर अल्बम उघडायची पंचाईत. वापरलेली पिशवी कुणी घेत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

पिशव्या कागदी असतात किंवा पातळ प्लॅस्टिकच्या, पण खरा जीव कागदीवर, कारण छपाई. युरोपातल्या बऱ्याच पिशव्यांवर घेरदार झग्यातली एक बाई असते, पाळीचं नाव कुठंच नाही, आणि खाली कमोडमध्ये टाकू नका म्हणून तीन-चार भाषांत दम. आपल्याकडं ही पिशवी शॉवर कॅपशेजारी हॉटेलचा लोगो मिरवत पडलेली असते, हॉटेलचं नाव बदललं की जुनी दुर्मिळ झालीच म्हणून समजा. अमेरिकेत मेरीलँडला हॅरी फिनली यांनी तर 1994 ला घराच्या तळघरात पाळीचं अख्खं म्युझियम काढलेलं, 1998 ला ते बंद झालं, मग इंटरनेटवर राहिलं.

सोलापुरात हा छंद जरा उपाशीच राहतो. मोठ्या हॉटेलांत मिळून जाते, पण अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूर करणारे भाविक उतरतात त्या साध्या लॉजवर कसली पिशवी, साबणाची वडी मिळाली तरी खूप, आणि सिद्धेश्वराच्या जत्रेत, म्हणजे गड्ड्याच्या गर्दीत तर बाई पर्समध्ये जुना पेपर घेऊनच निघते. इथली खरी पिशवी म्हणजे मेडिकलवाल्याची काळी कॅरीबॅग, पॅडचा पुडा पेपरात गुंडाळून वर ती, जणू काय चोरीचा माल. ती कुणी जमवत नाही, जमवायला पाहिजे खरं तर.

2016 च्या घनकचरा नियमांनी पॅडसोबत टाकायची पिशवी देणं कंपन्यांवर टाकलं. त्याआधीपासून पुण्यात स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था जुन्या पेपरच्या पिशव्या बनवत होती, आणि पेपरात गुंडाळलं तर वर लाल ठिपका काढा म्हणून मोहीमही त्यांचीच, म्हणजे कचरा निवडणाऱ्या बाईला पुडकं उघडून बघावं लागत नाही. असल्या साध्या पिशव्याही संग्रहात पाहिजेतच.

मागं पेन्सिलीनं गाव-तारीख टाकून सपाट ठेवायची, कसर लागू नये म्हणून डांबरगोळी. आणि सार्वजनिक टॉयलेटातनं एकच उचलायची, गठ्ठा नेला तर मागनं येणारीनं करायचं काय.