पळता येणं वेगळं, पॉकेटचं भान वेगळं

"लाइन पार चाळणी झालीय, पण क्वार्टरबॅक चपळ आहे म्हणून निभावतंय." एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) बघणाऱ्यांकडून हे दर सीझनला ऐकतो आणि दर वेळी चिडतो. लाइन म्हणजे पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकला राखणारे पाच खेळाडू, आणि पॉकेट म्हणजे त्यांनी त्याच्याभोवती राखलेली जागा. चपळ माणसाला पॉकेटचं भान असतंच असं नाही.

चपळाई सगळ्यांना दिसते, तिच्यावर वेळ घालवत नाही. 2022 मध्ये क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्स 1,143 यार्ड धावला आणि त्याच सीझनमध्ये 55 वेळा सॅक झाला, म्हणजे पास सुटण्याआधीच पाडला गेला. त्याच वर्षी 45 वर्षांचा टॉम ब्रेडी 733 पास टाकून फक्त 22 वेळा सॅक झाला, तेही त्याचा सेंटर (लाइनच्या मधोमधचा खेळाडू) रायन जेन्सन रेग्युलर सीझनभर जखमी असताना. ब्रेडी चेंडू झटकन सोडायचा हेही त्यामागे आहेच. पण पायांत वेग नव्हता. 2000 च्या कम्बाइनमध्ये (नव्या खेळाडूंच्या चाचणीत) 40 यार्डांना त्याला 5.28 सेकंद लागले होते.

खरा घोळ होतो तो टॅकलचं, म्हणजे लाइनच्या टोकाच्या खेळाडूचं, काम न समजल्यामुळे. बाहेरून येणाऱ्या रशरला (क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्या विरोधी खेळाडूला) टॅकलने जागच्या जागी रोखलंच पाहिजे, असं नाही. तो मागे सरकत सरकत त्याला बाहेरच्या वळणावर रेटत नेतो, म्हणजे रशर क्वार्टरबॅकच्या पाठीमागून निघून जातो. टॅकलची पाठ क्वार्टरबॅककडे असते. तो कुठे आहे हे टॅकलला दिसत नाही. स्क्रिमेजच्या रेषेपासून (जिथून डाव सुरू होतो) सात-आठ यार्डांवर असेल, एवढ्या भरवशावर तो कोन धरतो. आता क्वार्टरबॅक बिचकून दहा-अकरा यार्डांवर गेला, तर तोच रशर थेट त्याच्या अंगावर. टॅकलने चोख काम केलं आणि रिप्लेमध्ये नाचक्की त्याचीच!

भान असलेला क्वार्टरबॅक अशा वेळी एक-दोन छोटी पावलं पुढे टाकतो, दोन गार्डांच्या (सेंटरच्या दोन्ही बाजूंच्या खेळाडूंच्या) मधल्या जागेत. चेंडू दोन्ही हातांत छातीशी, नजर पास झेलणाऱ्या रिसीव्हरवरच. पळण्याची सवय असलेला गर्रकन बाहेर वळतो. मग आतली बाजू धरून उभ्या असलेल्या टॅकलच्या हातून रशर बाहेर निसटतो, त्याला थांबवायला टॅकल जर्सी पकडतो आणि होल्डिंगचे 10 यार्ड जातात. तो दंडही लाइनच्याच नावावर लागतो, याची मला सर्वांत जास्त चीड येते.

मधली फळीच कोसळली, गार्ड किंवा सेंटर मागे ढकलला गेला, तर पुढे सरकायला जागाच उरत नाही. तिथे दोष लाइनचा, मला मान्य आहे.

म्हणून पुढच्या सॅकला रिप्ले थांबवा आणि मैदानावरच्या यार्डाच्या खुणा मोजा. क्वार्टरबॅक रेषेपासून किती मागे होता आणि त्याच्या पुढ्यात मोकळी जागा होती का, एवढं बघा. टॅकलला शिव्या त्यानंतर द्या.