मात्रा-प्रतिसाद वक्र

औषधाची मात्रा आणि त्या मात्रेने ऊतीत, अवयवात किंवा संपूर्ण प्राण्यात घडवलेला परिणाम यांचा संबंध दाखवणारा आलेख. आडव्या अक्षावर मात्रेचा लॉग (लॉगॅरिथम) व उभ्या अक्षावर प्रतिसाद, बहुधा कमाल प्रतिसादाच्या टक्केवारीत, मांडतात. बी. फार्म.च्या जर्नलांत व तोंडी परीक्षेत तो ‘डीआरसी’ (डोस-रिस्पॉन्स कर्व्ह) या नावानेच वावरतो. बडोद्यात रसायने व औषधे शिकण्या-शिकवण्याची परंपरा जुनी आहे. सयाजीरावांनी १८९० मध्ये उघडलेल्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेशी निगडित असलेले त्रिभुवनदास गज्जर यांनीच कोटिभास्कर व अमीन यांच्यासह १९०७ मध्ये अ‍ॅलेम्बिक या औषध-कंपनीचा पाया घातला. आज महाराजा सयाजीराव विद्यापीठात फार्मसी शिकणाऱ्या मराठी मुलामुलींचे व्याख्यान इंग्रजीत असते, शेजारच्या बाकावरची कुजबुज गुजरातीत आणि उजळणी घरी मराठीत. प्रस्तुत नोंदीत म्हणून रूढ संज्ञा तशाच ठेवल्या आहेत.

उगम : या वक्राचे जनकत्व कोणाकडे द्यावे याबद्दल एकमत नाही. मात्रेवर गुण आणि विष ठरते हा विचार सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने मांडला होता. पण त्यात मोजमाप नव्हते. जे. एन. लँग्ली यांनी १८७८ मध्ये लाळेच्या स्रावावर अ‍ॅट्रोपीन व पायलोकार्पीन यांचा परस्परविरोध अभ्यासला. दोन्ही द्रव्ये ऊतीतील कोणत्या तरी पदार्थाशी संयोग पावतात आणि कोणाची सरशी व्हायची ते त्यांच्या प्रमाणावर व आसक्तीवर (जोडले जाण्याच्या ओढीवर) ठरते, असे त्यांनी सुचवले. याच पदार्थाला त्यांनी १९०५ च्या सुमारास ‘ग्राहक द्रव्य’ म्हटले. पाठ्यपुस्तके सामान्यतः ए. जे. क्लार्क यांच्या १९२६ मधील निबंधांपासून सुरुवात करतात. बेडकाचे हृदय व पोटाचा स्नायू (रेक्टस अ‍ॅब्डोमिनिस) यांवर अ‍ॅसिटिलकोलीनच्या मात्रा देऊन त्यांनी प्रतिसाद आलेखले आणि अ‍ॅट्रोपीन दिल्यावर वक्र कसा सरकतो ते दाखवले. तथापि ए. व्ही. हिल यांनी लँग्लींच्या प्रयोगशाळेत काम करताना १९०९ मध्येच त्याच स्नायूवर निकोटीनची क्रिया तपासून समतोलाचे समीकरण काढले होते. त्यांचे नाव ज्या समीकरणाला चिकटले ते मात्र १९१० चे, हीमोग्लोबिन व ऑक्सिजन यांविषयीचे. त्यामुळे १९०९ चा निबंध बराच काळ मागे पडला. समीकरणाचा अग्रमान हिल यांना आणि वक्राला औषधशास्त्राचे नेहमीचे साधन बनवल्याचे श्रेय क्लार्क यांना, ही विभागणी अधिक न्याय्य वाटते.

आकार व अर्थ : ग्राहीशी (लँग्लींच्या ‘ग्राहक द्रव्या’शी) औषध एकास एक जोडले जाते आणि प्रतिसाद व्यापलेल्या ग्राहींच्या प्रमाणात असतो, असे धरल्यास साध्या अक्षावर अपास्त (हायपरबोला) मिळतो, आडवा अक्ष लॉगमध्ये नेला की तोच वक्र एस-आकाराचा होतो. निम्मा कमाल प्रतिसाद देणाऱ्या संहतीला (द्रावातील औषधाच्या प्रमाणाला) ईसी-५० म्हणतात. तिच्या नवव्या हिश्श्याला १० टक्के प्रतिसाद मिळतो व नऊपटीला ९० टक्के; म्हणजे १० वरून ९० वर जायला संहती ८१ पट करावी लागते. एवढा पल्ला साध्या कागदावर नीट मावत नाही. २० ते ८० टक्क्यांमधला भाग लॉग अक्षावर जवळजवळ सरळ असतो, म्हणून अज्ञात नमुन्याची तुलना तिथेच करतात.

वक्राचे डावे-उजवे स्थान पोटन्सी (औषध किती कमी मात्रेत काम करते) सांगते, उंची एफिकसी (ते जास्तीत जास्त किती परिणाम घडवते). या दोन गोष्टींची गल्लत विद्यार्थ्यांकडून नेहमी होते आणि ती पुढे रुग्णाला भोवू शकते. ब्युप्रेनॉर्फीन हे वेदनाशामक मॉर्फीनपेक्षा कितीतरी कमी मिलिग्रॅममध्ये काम करते, म्हणजे पोटन्सीत सरस आहे. पण ते अंशतः उत्तेजक असल्याने त्याची कमाल मर्यादा खाली राहते. व्याप्ती व प्रतिसाद समप्रमाणात असतात हे क्लार्क यांचे गृहीतक आर. पी. स्टीफन्सन यांनी १९५६ मध्ये खोडून काढले : काही ऊतींत थोडेच ग्राही व्यापले तरी पूर्ण प्रतिसाद मिळतो. म्हणून ईसी-५० म्हणजेच आसक्ती, असे समजू नये.

आलेखन : उंदराच्या आतड्याचा (इलियम) तुकडा २५ मि.लि.च्या ऑर्गन बाथमध्ये (ऊती जिवंत ठेवण्याच्या पात्रात), ३७ अंश सेल्सिअसच्या टायरोड या क्षारयुक्त पोषक द्रावात टांगला आहे, असे समजू. अ‍ॅसिटिलकोलीन क्लोराइडचे द्रावण दर मि.लि.त १० मायक्रोग्रॅमचे. मात्रा दुपटीने वाढवतात : ०.१, ०.२, ०.४, ०.८, १.६ मि.लि. प्रत्येक मात्रेनंतर ऊती धुऊन आकुंचन नोंदवणारी रेघ मूळ पातळीवर येऊ द्यावी. लागोपाठच्या दोन मात्रांची उंची सारखी आली तरच ती कमाल मानावी. उंची वाढत असतानाच हात आखडला तर पुढची सगळी टक्केवारी खोटी ठरते. कमाल उंची ८० मि.मी. आणि ०.२ ला २४ व ०.४ ला ४८ मि.मी. मिळाले, तर प्रतिसाद अनुक्रमे ३० व ६० टक्के. पन्नास टक्क्यांचा बिंदू या दोहोंमधल्या लॉग-अंतराच्या दोन तृतीयांशावर, म्हणजे सुमारे ०.३२ मि.लि.वर येतो. बाथमध्ये ते मि.लि.मागे ०.१२७ मायक्रोग्रॅम झाले, रेणुभार १८१.७ धरता लिटरमागे सुमारे ०.७ मायक्रोमोल. त्याचा ऋण लॉग ६.१६, हाच पीडी-२. बाथमधली संहती न काढता नुसत्या मि.लि.वर वक्र काढला तर तो दुसऱ्या प्रयोगशाळेच्या कामाचा राहत नाही. बिंदू पट्टीने जोडू नयेत. त्यांच्यामधून गुळगुळीत रेषा न्यावी.

विरोधक औषध स्पर्धात्मक असेल तर वक्र उंची न गमावता समांतर उजवीकडे सरकतो. उत्तेजकाची मात्रा दुप्पट करायला लावणाऱ्या विरोधक संहतीचा ऋण लॉग म्हणजे पीए-२. ही मोजणी एच. ओ. शिल्ड यांची (१९४७). मस्कॅरिनिक (अ‍ॅसिटिलकोलीनच्या एका प्रकारच्या) ग्राहींवर अ‍ॅट्रोपीनचा पीए-२ साधारण ९ येतो. विरोधकाच्या संहतीच्या लॉगसमोर वक्र किती सरकला ते मांडणाऱ्या शिल्ड आलेखाचा चढ १ आला नाही तर साधी स्पर्धा गृहीत धरू नये.

पूर्वी हा प्रयोग काजळी धरलेल्या कागदाच्या ड्रमवर होई. सध्याच्या बी. फार्म. अभ्यासक्रमात प्राण्यांवरील प्रयोग संगणकीय प्रतिरूपांतून दाखवले जातात. प्राण्यांच्या दृष्टीने हा बदल योग्यच. मात्र पडद्यावरचा तुकडा थकत नाही, त्याची मूळ रेघ सरकत नाही. म्हणून शिक्षकाने विस्कळीत बिंदूंचा एखादा खरा जुना आलेख मुलांसमोर ठेवणे गरजेचे आहे.

होय-नाही स्वरूपाचा प्रतिसाद (झोप लागली किंवा नाही) गटातील किती टक्के प्राण्यांत आला, यावरून वेगळा वक्र निघतो. त्यातून ईडी-५० (निम्म्या प्राण्यांत परिणाम घडवणारी मात्रा) व एलडी-५० (निम्मे प्राणी मारणारी मात्रा) मिळतात. एलडी-५० ची कल्पना जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये मांडली. दोहोंच्या गुणोत्तराला उपचार-निर्देशांक म्हणतात. दोन वक्रांचे चढ भिन्न असल्यास हा आकडा फसवा ठरतो, कारण मधले बिंदू दूर असूनही टोके एकमेकांत शिरलेली असू शकतात.