वस्त्राचा गोंडा

बारा वर्षं रक्तस्रावाने गांजलेली एक बाई गर्दीत मागून येते आणि येशूच्या वस्त्राच्या गोंड्याला शिवते. मत्तयच्या शुभवर्तमानातला, म्हणजे येशूची जीवनकथा सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एकातला, हा प्रसंग पुष्कळांच्या ओळखीचा आहे. तो गोंडा मात्र वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतो. मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘क्रास्पेदोन’ हा शब्द आहे. येशूच्या आधी दोनेकशे वर्षांहून जास्त काळापूर्वी मोशेच्या नियमशास्त्राचं, म्हणजे यहुद्यांच्या मूळ धर्मग्रंथाचं, ग्रीक भाषांतर झालं. इस्राएल लोकांनी वस्त्राच्या टोकांना गोंडे लावावेत आणि ते पाहून देवाच्या आज्ञा आठवाव्यात, ही नियमशास्त्रातल्या ‘गणना’ नावाच्या पुस्तकातली आज्ञा सांगताना त्या भाषांतरातही हाच शब्द वापरला आहे. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाच्या प्रार्थनेच्या शालीला असतात, तेच हे गोंडे.

चारही शुभवर्तमानांत सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या मार्कमध्येही लोक याच गोंड्याला शिवायला धडपडतात. पुढे मत्तयमध्ये येशू गोंडे लांब करून मिरवणाऱ्यांवर टीका करतो, पण गोंडे लावण्याविरुद्ध तो अवाक्षर काढत नाही. त्याचे स्वतःचे होतेच.

येशू यहुदी होता, हे वाक्य आज कुणी नाकारत नाही. पण त्याचा पुरता अर्थ लावायला अभ्यासकांना फार वेळ लागला. येशू यहुदी धर्मात जन्मला, त्याला कंटाळला आणि त्याने नवा धर्म काढला, अशी गोष्ट शतकानुशतकं सांगितली गेली. तिच्यात परूशी या यहुदी पंथाचे लोक म्हणजे ढोंगी आणि नियमशास्त्र म्हणजे ओझं. या गोष्टीची टोकाची परिणती १९३९ मध्ये जर्मनीत दिसली. चर्चच्या जीवनातून यहुदी प्रभाव पुसून टाकण्यासाठी आयझेनाख गावी चक्क एक संशोधन संस्था उघडली गेली. तिचा अकादमिक प्रमुख वॉल्टर ग्रुंडमान हा विद्यापीठातला प्राध्यापक होता आणि येशू वंशाने यहुदी नव्हता, असं तो लिहीत होता. वाईट इतिहासलेखन कुणाच्या हाती पडतं, हे विसरून या विषयाकडे वळता येत नाही, असं मला वाटतं.

महायुद्धानंतर चित्र पालटलं. त्याची सुरुवात एका गुहेत झाली. १९४७ च्या सुमारास मृत समुद्राच्या काठी, कुमरानजवळ बदाउनी, म्हणजे भटक्या अरब, मेंढपाळांना मातीच्या रांजणांत गुंडाळ्या सापडल्या. पुढच्या दशकभरात अकरा गुहांतून नऊशेहून अधिक हस्तलिखितांचे लहानमोठे तुकडे हाती आले. त्यांतले बहुतेक इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन-तीन शतकांतले आणि पहिल्या शतकातले. म्हणजे येशूच्या काळातले आणि त्याच्या आधीच्या पिढ्यांतले यहुदी काय वाचत होते, कशावरून भांडत होते, हे त्यांच्याच शाईत वाचता येऊ लागलं.

आणि ते भांडत होते खूप! जोसेफस हा पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार परूशी, सदूकी, एसीन असे पंथ वर्णन करतो. मेलेले पुन्हा उठतील, असं परूशी मानत. सदूकी ते झिडकारत. शब्बाथाला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, काय चालतं, घटस्फोट कशासाठी देता येतो, मंदिरातला याजक शुद्ध आहे की नाही, प्रत्येक गोष्टीवर वाद होता. येशूची शब्बाथावरची वाक्यं या पार्श्वभूमीवर वाचली की ती वेगळीच ऐकू येतात. ‘शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही’ असं तो म्हणतो. पुढच्या काळातल्या रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मशिक्षकांच्या, एका ग्रंथातही ‘शब्बाथ तुमच्या हाती दिला आहे, तुम्हाला शब्बाथाच्या हाती दिलेलं नाही’ असं वाक्य येतं. हे घरातलं भांडण होतं. घर सोडून जाणारा माणूस अशा मुद्द्यावर भांडत बसत नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो कुमरानच्या चौथ्या गुहेतला एक मजकूर. त्याच्या सहा प्रतींचे तुकडे मिळाले आणि त्यांची जुळणी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाने दुसऱ्या कुणाला लिहिलेल्या पत्रासारखा तो आहे. एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना द्रवाची धार अशुद्धता वाहून नेते का, अशा बारीक नियमांची त्यात चर्चा आहे. शेवटी लिहिणारा म्हणतो की आम्ही तुम्हाला ‘नियमशास्त्राची काही कृत्यं’ लिहून कळवली आहेत. ती पाळलीत तर ते तुमच्या लेखी नीतिमत्त्व असं गणलं जाईल.

पौल हा येशूचा संदेश बिगर यहुद्यांपर्यंत नेणारा पहिल्या शतकातला प्रचारक. त्याची बायबलातली पत्रं वाचलेल्या माणसाला इथे थबकायला होतं. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात पौल याच शब्दांशी झुंजतो: माणूस ‘नियमशास्त्राच्या कृत्यांनी’ नीतिमान ठरत नाही. आणि लगेच यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याचा दाखला देतो, त्याने विश्वास ठेवला आणि ते त्याच्या लेखी नीतिमत्त्व असं गणलं गेलं. इब्री बायबलात कुठेही न सापडणारा ‘नियमशास्त्राची कृत्यं’ हा शब्दप्रयोग पौलाच्या आधीच कुमरानच्या एका तुकड्यावर मिळाला. पौलाचं उत्तर वेगळं आहे, पण प्रश्न आणि शब्द यहुदी वादातलेच आहेत. यहुदी धर्म म्हणजे सत्कृत्यांच्या जमाखर्चावर तारण मिळवणं, हा जुना समज १९७७ मध्ये अभ्यासक ई. पी. सँडर्स यांनी मूळ ग्रंथांच्या आधारे मोडून काढला होताच. त्यांनी दाखवलं की नियम पाळणं हे देवाने आधीच केलेल्या कराराला दिलेलं उत्तर होतं, करारात शिरण्याची फी नव्हती.

मग पौलाने धर्मांतर केलं का? हा शब्दच इथे गैरसोयीचा आहे. त्याच्या पत्रांत ‘ख्रिस्ती’ हा शब्द एकदाही येत नाही. ‘आठव्या दिवशी सुंता झालेला, बन्यामिनाच्या वंशातला, नियमशास्त्राच्या दृष्टीने परूशी’ अशी तो स्वतःची ओळख देतो. येशूच्या अनुयायांचा छळ करणारा पौल दिमिष्कच्या (दमास्कसच्या) वाटेवर स्वतःच अनुयायी झाला. त्या बदलाबद्दल लिहिताना देवाने आपल्याला आईच्या उदरातूनच वेगळं केलं, असं तो म्हणतो. इब्री बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पाचारणाचीच ही भाषा आहे.

खरा पेच पडला तो जेवणाच्या पंगतीत. सिरियातल्या अंत्युखिया शहरात यहुदी आणि बिगर यहुदी शिष्य एकत्र जेवत होते. येशूचा जवळचा शिष्य पेत्रही जेवत होता. मग यरुशलेमहून, येशूचा भाऊ याकोब याच्याकडची माणसं आली आणि पेत्र पंगतीतून उठून वेगळा झाला. पौलाने त्याला सर्वांदेखत सुनावलं. येशूला मसीहा, म्हणजे देवाने पाठवलेला तारणारा, मानणाऱ्या बिगर यहुद्यांनी सुंता करायची की नाही, त्यांच्या ताटाला ताट लावायचं की नाही, यावर पहिली मोठी फूट पडू लागली. कोण कोणासोबत जेवतो याला केवढं वजन असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. लक्षात घेण्याजोगं हे, की या वादात दोन्ही बाजूंना यहुदीच होते.

इ.स. ७० मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमचं मंदिर जाळलं. त्याआधी यहुदी मंदिरासाठी जो कर देत तो आता रोमला भरावा लागू लागला, आणि यहुदी कोण हा प्रश्न करवसुलीचाही झाला. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस ‘ख्रिस्तीपण’ आणि ‘यहुदीपण’ असे दोन शब्द समोरासमोर ठेवतो. ३२५ साली निकाया इथल्या बिशपांच्या परिषदेने ईस्टरची तारीख यहुद्यांच्या गणनेवर अवलंबून ठेवायची नाही, असं ठरवलं. कागदावर वाटण्या झाल्या.

पण त्यानंतर साठेक वर्षांनी, ३८६ मध्ये, त्याच अंत्युखियात योहान क्रिसोस्टोम हा धर्मगुरू व्यासपीठावरून संतापून बोलताना आढळतो. त्याच्या मंडळीतली माणसं यहुद्यांच्या सणांना जातात, त्यांच्यासोबत उपास करतात. यहुद्यांबद्दलची त्याची भाषा इतकी विखारी आहे की ती आजही वाचवत नाही. त्याच प्रवचनात तो एक पाहिलेला प्रसंग सांगतो. एक माणूस, स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारा, एका श्रद्धाळू ख्रिस्ती बाईला कुठल्याशा व्यवहाराची शपथ घ्यायला लावण्यासाठी बळजबरीने यहुद्यांच्या सभास्थानाकडे, म्हणजे प्रार्थनास्थळाकडे, नेत होता. क्रिसोस्टोमने तिला सोडवलं आणि त्याला विचारलं, चर्च सोडून तिथे कशाला? तो म्हणाला, तिथे घेतलेल्या शपथेचा धाक जास्त असतो, असं पुष्कळांनी सांगितलं.