जेट बोटीचा पंप : उतरवणी आणि देखभाल

बोटीच्या बुडाखालचे पाणी आत ओढून ते मागच्या बाजूने वेगाने बाहेर फेकणारा आणि त्याच्या प्रतिक्रियेने बोट पुढे रेटणारा पंप हा जेट बोटीचा मुख्य अवयव होय. हा पंप प्रथमच उतरवून, त्याचे भाग तपासून व बदलून पुन्हा जागेवर बसवण्याच्या कामाची ही नोंद आहे. बाहेर फिरणारा पंखा नसल्यामुळे अशी बोट उथळ आणि खडकाळ प्रवाहातही चालते. मात्र त्या प्रवाहातली वाळू, बारीक खडी, शेवाळ आणि दोरीचे तुकडे पाण्याबरोबर थेट पंपाच्या पोटात जातात. पंपाची झीज मुख्यतः तिथूनच सुरू होते.

अशा बोटीचा उगमच उथळ नद्यांतला आहे. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील आयरिशमन क्रीक येथे राहणारे विल्यम हॅमिल्टन (1899–1978) यांना तिथल्या वाळूच्या आणि गोट्यांच्या पात्रांतून जाणारी बोट हवी होती. 1954 मध्ये त्यांनी जेटवर चालणारी आपली पहिली बोट तयार केली. सुरुवातीच्या रचनेत पाण्याची धार बोटीच्या बुडाखाली सुटत असे. पुढे नोझल, म्हणजे धार सोडणारे निमुळते तोंड, मागच्या फळीवर, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर आणल्यावर वेगात मोठा फरक पडला. 1960 मध्ये अशाच बोटींनी अमेरिकेतील कोलोरॅडो नदीवर ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाच्या विरुद्ध प्रवास केला. आजचे बहुतेक पंप आकाराने आणि धातूने वेगळे असले, तरी त्यांच्या भागांची मांडणी तेव्हाच्या मांडणीपासून फारशी दूर गेलेली नाही.

रचना

बुडाला असलेल्या तोंडावर लोखंडी सळ्यांची जाळी असते. तिच्यातून वर चढलेले पाणी इंजिनाच्या शाफ्टवर बसवलेल्या इंपेलरपर्यंत, म्हणजे पात्यांच्या चक्रापर्यंत, येते. इंपेलर पाण्याला गती देतो, पण त्याचबरोबर ते गरगरतेही. ही गरगर मोडून धार सरळ करण्याचे काम पाठीमागच्या कवचातील स्थिर पाती करतात. पुढे निमुळत्या नोझलमधून धार सुटते. नोझलच्या मागे डावी-उजवीकडे वळणारा भाग सुकाणूचे काम करतो आणि वरून खाली येणारी बकेट धार पुढच्या दिशेला वळवून बोट मागे नेते. अनेक बोटींत क्लच नसतो. बकेट अर्धवट खाली असताना बोट जागीच उभी राहते, पण इंपेलर मात्र फिरतच असतो. पंपाजवळ हात घालणाऱ्याने ही गोष्ट विसरता कामा नये.

इंपेलरच्या भोवती बसणाऱ्या कड्याला वेअर रिंग म्हणतात. इंपेलरची कड आणि हे कडे यांच्यामधली फट मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच असते, आणि पंपाची सारी ताकद तिच्यावर अवलंबून असते. फट वाढली की दाबाखालचे पाणी तिच्यातून मागे परतते. इंजिन जास्त फेरे घेते, पण बोट तेवढी पळत नाही. पंप उतरवण्याच्या खटाटोपाचा मुख्य हेतू ही फट पुन्हा निर्मात्याने दिलेल्या मापात आणणे हाच असतो. बाकीची कामे पंप उघडलाच आहे म्हणून करून घ्यायची असतात.

उतरवण्यापूर्वी

पंप घसरतो आहे अशी तक्रार आली म्हणजे तो झिजलाच आहे, असे नव्हे. जाळीत अडकलेले गवत, शाफ्टला गुंडाळलेली दोरी, स्थिर पात्यांच्या मधोमध रुतलेला एखादा गोटा किंवा तोंडाच्या गॅस्केटमधून आत शिरणारी हवा यांचीही लक्षणे तीच असतात. त्यामुळे ज्या पंपाला वरून तपासणीचे झाकण असते, त्याचे झाकण उघडून आधी आत पाहावे. अनेकदा सगळे काम तिथेच, दहा मिनिटांत संपते, आणि पहिल्यांदाच पाना हातात घेतलेल्या माणसाला त्याची थोडी निराशाही वाटते.

बोट पूर्णपणे पाण्याबाहेर, ट्रेलरवर किंवा भक्कम ठोकळ्यांवर असली पाहिजे, कारण पंप निघाल्यावर मागच्या फळीत किंवा बुडात जे भोक उघडे पडते ते पाण्याच्या पातळीखाली असते. चावी काढून घ्यावी आणि बॅटरीच्या तारा सोडाव्यात.

यानंतरचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे काहीही न सोडता माप घेणे. जाळी काढून खालून, किंवा रचना परवानगी देत असेल तर मागून, फीलर गेजची, म्हणजे फट मोजण्याच्या साधनाची ठरावीक जाडीची, पातळ पाती इंपेलर आणि कड्याच्या मध्ये सरकवून वर, खाली, डावीकडे व उजवीकडे अशा चार ठिकाणी फट मोजावी आणि आकडे लिहून ठेवावेत. चारही आकडे सारखेच वाढलेले असतील तर कडे किंवा इंपेलरच्या पात्यांची टोके झिजली आहेत. खाली गेजचे पाते मुळीच जात नाही आणि वर मात्र सहज जाते, असे आढळले तर दोष कड्याचा नसून शाफ्ट खाली बसला आहे, म्हणजे बेअरिंग किंवा मागचा बुश गेलेला आहे. पंप सुटा केल्यावर ही तपासणी करता येत नाही, कारण मागचे कवच निघताच शाफ्टचा मागचा आधार जातो, तो आपोआपच खाली झुकतो आणि खरे माप कायमचे हरवते. असमान फट असताना नवे कडे बसवले, तर तेही थोड्याच दिवसांत एका बाजूने घासले जाते.

उतरवणी

पंपाचे ढोबळमानाने दोन प्रकार आढळतात. एकात पाण्याचे तोंड बोटीच्या बुडाला कायम जोडलेले राहते आणि मागचे कवच, इंपेलर व नोझल तेवढे मागे निघतात. दुसऱ्यात सर्व पंप एकसंध असून तो इंजिनाकडचा जोडशाफ्ट सोडवून बाहेर काढावा लागतो. एकट्या-दुकट्याने चालवायच्या लहान जलवाहनांत पंप थेट मागे ओढला जातो आणि शाफ्ट खाचांच्या कपलिंगमधून सरकून त्याच्याबरोबर बाहेर येतो.

प्रथम सुकाणूची केबल, बकेटची केबल किंवा हायड्रॉलिक नळ्या आणि इंजिन थंड ठेवण्यासाठी पंपातूनच पाणी नेणारी नळी सोडवतात. केबलच्या टोकाची जोडणी किती आट्यांवर आहे ते मोजून लिहून ठेवावे, नाही तर पुढे स्टिअरिंग सरळ असताना नोझल तिरके राहते. जुळणाऱ्या फ्लँजांवर (दोन भाग बोल्टने जोडणाऱ्या कडांवर) सेंटर पंचने एकेक खूण करावी. बोल्ट डब्यात टाकण्यापेक्षा पुठ्ठ्यावर पंपाची आकृती काढून, ज्या जागेचा बोल्ट त्या जागेला भोक पाडून त्यात खोचलेले बरे, कारण दिसायला सारखे वाटणारे बोल्ट लांबीला वेगळे निघतात आणि लांब बोल्ट आखूड भोकात आवळला की ॲल्युमिनियमचे आटे मरतात.

या टप्प्यावर वेळ खातात ते जाम झालेले नट. ॲल्युमिनियमच्या कवचात स्टेनलेस स्टीलचे स्टड असले आणि सोबत पाणी, विशेषतः खारे पाणी असले, की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम गंजते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. असा नट दांड्याची लांबी वाढवून सोडवायला जाणे म्हणजे स्टड मोडून घेणे. गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री टाकून ठेवावे, दुसऱ्या दिवशी कवच बेताने गरम करावे, हलके ठोके द्यावेत, नट थोडा आवळून मग सोडावा, आणि फिरला तितकाच परत मागे न्यावा. या क्रमाने बहुतेक नट सुटतात. उष्णता देताना तेल पुसलेले असावे आणि इंधनाची वाफ बोटीच्या तळात साचलेली नसावी.

शेवटचा नट काढण्यापूर्वी पंपाखाली जॅक किंवा लाकडाचा टेकू असलाच पाहिजे. आधार न देता कवच सुटले तर त्याचे वजन शाफ्टवर लोंबकळते. दोन पृष्ठभाग चिकटून बसले असल्यास त्यांच्या मध्ये छिन्नी किंवा स्क्रू-ड्रायव्हर घुसवू नये. त्या एका ओरखड्यातून पुढे हवा शिरते, आणि हवा शिरलेला पंप झिजलेल्या पंपासारखाच वागतो. काही कवचांवर रेटून काढण्यासाठी आटे पाडलेली भोके दिलेली असतात. त्यांत बोल्ट घालून ते आळीपाळीने, पाव-पाव फेरा आवळावेत. अशी भोके नसतील तर रबरी हातोडा वापरावा.

इंपेलर शाफ्टवर दोन प्रकारे बसतो. की, म्हणजे खाचेत बसणारा धातूचा तुकडा, लावून बसवलेला असेल तर लॉक वॉशरचे वाकवलेले कान सरळ करून नट काढतात आणि पुलर लावतात. त्या वेळी शाफ्ट कपलिंगच्या बाजूने धरावा, पात्यांत लाकूड अडकवून नव्हे. आट्यांवर बसलेला असेल तर आट्यांची दिशा इंजिनाच्या फिरण्याने इंपेलर आवळला जाईल अशी ठेवलेली असते. ते ध्यानात घेऊन दिशा आधी पुस्तिकेत पाहावी, आणि मगच खाचांचे खास हत्यार लावावे.

तपासणी

निघालेला इंपेलर धुऊन उजेडात धरला की पंपाचा इतिहास वाचता येतो. कड्यावर गोलाकार, गुळगुळीत चरे असतील तर ते वाळूचे काम आहे. पात्यांच्या पुढच्या कडेला दातरे पडले असतील तर खडी आत गेली आहे. पात्यांवर स्पंजासारखे खरखरीत खड्डे असतील तर ते कॅव्हिटेशनचे आहेत: पाण्याचा दाब फार खाली गेला की त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात, आणि पुढे जास्त दाबाच्या जागी ते धातूला लागून फुटताना त्याचा कण न् कण उचकटून काढतात. कॅव्हिटेशनचे कारण बहुधा तुंबलेली जाळी किंवा बोथट झालेली कड हेच असते, म्हणून नुसता इंपेलर बदलून भागत नाही.

लहान दातरे कानशीने घासून कड मूळ आकारात आणता येते. मात्र दोन्ही बाजूंनी मनास येईल तसे घासले तर पात्याचा कोन बिघडतो. मोठी तूट वेल्डिंगने भरून लेथवर माप घेतात आणि त्यानंतर इंपेलरचा तोल तपासणे आवश्यक असते. कडे बदलून फट भरून निघत असेल तर तो मार्ग स्वस्त आणि खात्रीचा. फक्त पात्यांची टोके झिजून इंपेलरचा व्यासच घटलेला असेल, तर मूळ मापाच्या नव्या कड्याने काहीच साधत नाही.

पाणी आत येऊ नये म्हणून शाफ्टभोवती काही पंपांत दोरीसारख्या विणीचे चौकोनी पॅकिंग असते, तर काहींत यांत्रिक सील असते. जुने पॅकिंग आकड्याने पूर्णपणे उपसून काढावे. आतले शेवटचे कडे कुजून तळाशी राहून जाते आणि नवे त्याच्यावर ठासले जाते, ही नेहमीची चूक आहे. नवी कडी शाफ्टच्या जाडीच्या दांड्यावर गुंडाळून कापतात आणि त्यांचे सांधे एकाखाली एक न येतील असे फिरवून बसवतात. पॅकिंगखालच्या शाफ्टवरून नख फिरवून पाहावे. नख चरीत अडले तर नवे पॅकिंगही गळणार. तिथे शाफ्टवर स्लीव्ह चढवावी किंवा शाफ्ट बदलावा. यांत्रिक सीलच्या घासणाऱ्या पृष्ठभागांना तेलकट बोट लावू नये.

इंपेलर पाण्याला मागे ढकलतो तेव्हा शाफ्ट पुढे रेटला जातो, आणि तो रेटा थ्रस्ट बेअरिंगमार्फत बोटीच्या सांगाड्यापर्यंत पोचतो. म्हणून हे बेअरिंग हाताने फिरवताना जराही खरखरले, किंवा त्यातले ग्रीस पांढरट, दुधाळ दिसले, तर ते बदलावे; दुधाळपणा हा पाणी आत गेल्याचा पुरावा आहे. नवे उघडे बेअरिंग शाफ्टवर हातोड्याने ठोकण्याऐवजी साधारण 100 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून सरकवतात. सीलबंद बेअरिंग मात्र तापवण्याऐवजी आतल्या कड्यावर दाब देऊन बसवावे. ग्रीस जुन्या जातीचेच वापरावे, कारण निरनिराळ्या साबणांवर बनलेली ग्रीसे एकमेकांत मिसळली की पातळ होऊन वाहून जाऊ शकतात. गंजापासून वाचवणारे झिंकचे ठोकळे निम्म्याहून कमी उरले असतील तर याच वेळी बदलावेत. त्यांच्यावर रंग चढवू नये. रंगवलेले झिंक काहीच काम करत नाही.

पुन्हा बसवणी

सर्व ओ-रिंगा व गॅस्केटे नवी घ्यावीत. सीलंट लावण्याआधी एकदा सर्व भाग कोरडेच जुळवून, शाफ्ट हाताने पूर्ण फेरे फिरवून पाहावा आणि फट त्याच चार जागी पुन्हा मोजावी. सीलंट वाळल्यावर इंपेलर कुठे तरी घासतो आहे असे कळणे, यासारखा मनस्ताप या कामात दुसरा नाही. आट्यांना गंजरोधक ग्रीस लावून नट समोरासमोरच्या जोड्यांनी, पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कपर्यंत टप्प्याटप्प्याने आवळतात. त्यानंतर केबल नोंदलेल्या आट्यांवर जोडून नोझल मध्यावर येते का आणि बकेट पूर्ण वर-खाली होते का, हे तपासतात.

जमिनीवर इंजिन चालवून पंप तपासू नये. मागचा रबरी बेअरिंग आणि सीलचे पृष्ठभाग पाण्यानेच थंड व ओले राहतात. कोरडे फिरल्यास ते फार लवकर जळतात. बोट पाण्यात उतरवताच, दोर सोडण्यापूर्वी, शाफ्टजवळ आणि मागच्या फळीच्या आत पाणी येते का ते पाहावे. मग कमी फेऱ्यांवर काही मिनिटे चालवून पॅकिंगच्या ग्लँडला, म्हणजे पॅकिंग दाबून धरणाऱ्या भागाला, बाहेरून हात लावून पाहावा. ती कोमट असावी आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी पडत राहावे. थेंब पूर्ण थांबवण्यासाठी ग्लँड आवळली तर पॅकिंग करपते आणि शाफ्टवर नवी चर पडते. शेवटी पूर्ण थ्रॉटलवर इंजिन किती फेऱ्यांना पोचते तो आकडा फटीच्या चार मापांशेजारी लिहून ठेवतात. पुढच्या हंगामात त्याच बोटीत, तेवढ्याच वजनाने तो आकडा वाढलेला दिसला, तर पुन्हा जाळी काढून फीलर गेज हातात घ्यावे लागते.