वाड्याच्या भिंतीतलं मीठ

बडोद्याच्या तांबेकर वाड्यात येणारे पाहुणे भिंतींवरची चित्रं बघतात. दिवाण भाऊ तांबेकरांचा हा चार मजली, विटा-लाकडाचा वाडा आज पुरातत्त्व खात्याकडे आहे. मी मात्र अशा कुठल्याही घरात शिरलो की आधी भिंतीचा तळ बघतो. त्याला कारण आमचंच घर.

जुन्या शहरातल्या आमच्या घराच्या दर्शनी भिंतीला एका कंत्राटदाराने तीन फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा केला. "काका, आता वीस वर्षं बघायला नको!" दोन पावसाळ्यांत ओल चार फुटांवर. आई म्हणाली, लोणा लागला, म्हणजे भिंतीला मीठ फुटलं. शेजारच्या बा गुजरातीत म्हणाल्या, लूणो. एका हितचिंतकाने वास्तुदोष काढून कोपऱ्यात पिरॅमिड ठेवायला सांगितला. पिरॅमिड पाणी पीत नाही, वीट पिते.

दिव्याची वात तेल ओढते तशी वीट तिच्यातल्या बारीक छिद्रांतून जमिनीतलं पाणी ओढते. छिद्राची त्रिज्या मिलिमीटरचा हजारावा भाग असेल, तर हिशेबाने पाणी १५ मीटर चढायला हवं, म्हणजे थेट गच्चीवर! तसं होत नाही, कारण वाटेतच ते भिंतीच्या अंगातून उडून जातं. चुन्याचा गिलावा सच्छिद्र, त्यामुळे उडायला वाव. सिमेंटने ती वाट अडवली, की पाणी वरची वाट धरतं.

खरी गंमत मिठाची. पाणी उडतं, त्यातले क्षार मागे राहतात. त्यातलं खोडसाळ म्हणजे सोडियम सल्फेट. सिमेंटमधून तेही भिंतीत उतरू शकतं. सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या वर ते कोरडं, निर्जल स्फटिक म्हणून बसतं. तापमान त्याखाली उतरलं आणि ओल मिळाली, की प्रत्येक रेणूमागे पाण्याचे १० रेणू सामावून घेणारे नवे स्फटिक बनतात आणि आकारमान होतं चौपट. छिद्रात तेवढी जागा कुठली? बडोद्याचा पारा तर ही रेघ वर्षातून कितीदा ओलांडतो. दर फेरीला विटेचा एक पापुद्रा सुटतो.

चुन्याच्या गिलाव्यात हे स्फटिक बहुतेक गिलाव्यातच जमतात. पोपडे त्याचे निघतात, वीट वाचते. गिलावा दर काही वर्षांनी नवा करायचा, हा त्यातला हिशेबच आहे. यात "प्राचीन गुप्त ज्ञान" काही नाही. जुन्या चुन्यात घालायच्या गूळ-उडदाच्या पाककृती फिरवणाऱ्यांनी आधी चुना पाण्यात नीट विरवावा. लाकडी खांबांखाली दगडी तळखडा असतो, तोही खांबाला याच ओलीपासून दूर ठेवतो.

गेल्या महिन्यात आम्ही सिमेंट खरवडलं. गवंड्याने मागच्या विटेवर नुसता अंगठा फिरवला, तर तांबडी पूड ओंजळभर खाली आली. "काका, ही तर रांगोळी झाली," तो म्हणाला. आतल्या अंगाला बोट घालून पाहिलं, वीट अजून कडक होती.