शेवटच्या पानावरची बारीक ओळ

कोल्हापुरातलं कुठलंही दैनिक किंवा साप्ताहिक घ्या आणि शेवटच्या पानाच्या तळाशी बघा. मुद्रक, प्रकाशक, छापखान्याचा पत्ता, संपादकाचं नाव. त्या नावावर चांदणी, आणि चांदणीचा खुलासा वर्षानुवर्षं एकच होता: पीआरबी (प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स) कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीची जबाबदारी यांची. चष्मा असूनही ही ओळ कुणी वाचत नाही. सरकार आणि वर्तमानपत्र यांचं नातं मात्र अग्रलेखापेक्षा या ओळीतच जास्त कळतं.

हा पीआरबी कायदा १८६७ चा. छापणारा कोण, त्याला गाठायचं कुठे, एवढं सरकारला हवं होतं. छापखाना आणि नियतकालिक काढणाऱ्याने मॅजिस्ट्रेटपुढे घोषणापत्र करायचं, ज्याला धंद्यात 'डिक्लेरेशन' म्हणायचे. पण कायदा ब्रिटिश मुलखाचा, आणि कोल्हापूर संस्थान. त्यामुळे दरबारावर टीका व्हायची ती बऱ्याचदा बाहेरून, पुण्या-मुंबईच्या पत्रांतून. कोल्हापूरचं सगळ्यात गाजलेलं वृत्तपत्र प्रकरण असंच बाहेर घडलं.

'केसरी' आणि 'मराठा' १८८१ च्या जानेवारीत निघाले. छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडं ठरवून त्यांचा छळ होतो आहे, आणि त्यामागे कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे आहेत, असं टिळक-आगरकरांनी लिहिलं. आधाराला बर्व्यांची म्हणून पत्रं होती. ती बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, पण बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला मागे घेतला नाही. मुंबईच्या हायकोर्टात १७ जुलै १८८२ रोजी चार महिन्यांची साधी कैद झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबरला दोघे सुटले. त्याआधी जामिनाचे दहा हजार रुपये भरले ते रामशेठ उरवणे यांनी, महात्मा फुल्यांच्या शब्दाखातर. राजकीय मतं न जुळणाऱ्यांनी संपादकाला जामीन राहायचं, हे आज वाचताना जरा अवघडच जातं. पुढच्याच वर्षी, १८८३ च्या डिसेंबरात, शिवाजी महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत वारले. पत्रं खोटी होती. काळजी खोटी नव्हती.

यात लक्षात ठेवायची गोष्ट अशी की सरकारने इथे सेन्सॉर बसवला नाही. देशी भाषांतल्या पत्रांवर व्हाइसरॉय लिटनने १८७८ मध्ये लादलेला कायदा तोवर पुढचे व्हाइसरॉय रिपन यांच्या काळात रद्दही झाला होता. साध्या बदनामीच्या कलमाने काम भागलं.

संस्थानाच्या आतही गोष्ट सरळ नव्हती. राजाराम कॉलेजात प्राध्यापक असलेले विष्णु गोविंद विजापूरकर कोल्हापुरातून 'विश्ववृत्त' मासिक चालवत. त्यात पंडित सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेवरचा लेख आला आणि १९०८ मध्ये राजद्रोहाचा खटला उभा राहिला. विजापूरकरांना तीन वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा गादीवर राजर्षी शाहू होते. वेदोक्त प्रकरणात, म्हणजे शाहूंना वेदमंत्रांनी धर्मविधी करण्याचा अधिकार आहे का या वादात, विजापूरकर त्यांच्या विरोधी बाजूला होते, आणि ब्रिटिशांच्या पोलिटिकल एजंटची नजर दरबारावर होतीच. कशाचं वजन किती, हे आज तराजूत घालणं कठीण. याच शाहूंनी १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या 'मूकनायक'ला अडीच हजार रुपये दिले. एक पत्र बुडालं, एक उभं राहिलं, आणि दोन्ही वेळी राजा एकच. छापील शब्दाला राज्यसत्ता कधी कात्री असते, कधी खत-पाणी, हे कोल्हापूरकराला पुस्तकात शोधावं लागत नाही.

१९२२ मध्ये तर संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरवणाऱ्या लेखनासाठी खास कायदा आला. मध्यवर्ती विधिमंडळाने विधेयक मांडूही दिलं नाही, तरी व्हाइसरॉय रीडिंगने ते स्वतःच्या अधिकारात प्रमाणित केलं. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं आणि दरबार संपला.

राज्यघटनेत 'वृत्तपत्र स्वातंत्र्य' असा शब्द नाही. ते कलम १९(१)(अ) मधल्या अभिव्यक्तीतून न्यायालयांनी काढलं. मराठी वाचकाने यातला १९६१ चा 'सकाळ' खटला विसरू नये. किती किमतीला किती पानं, हे सरकारने ठरवलं होतं. लहान पत्रांना वाचवायचं, असा हेतू सांगितला जात होता. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं, कारण पानं कमी म्हणजे मजकूर कमी, नाहीतर किंमत वाढून वाचक कमी. आणीबाणीत सेन्सॉर आला आणि वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणारी, १९६६ पासूनची प्रेस कौन्सिलही बरखास्त झाली. ती १९७८ च्या कायद्याने परत आली. ताशेरे ओढण्यापलीकडे तिच्या हातात फार काही नाही.

लहान पत्रांवर खरा दाब मात्र वेगळाच असतो: शासनाच्या जाहिरात यादीत नाव, जाहीर निविदांचे चौकोन, जिल्हा माहिती कार्यालय, अधिस्वीकृती पत्रिका म्हणजे पत्रकाराचं सरकारी ओळखपत्र. यात बंदी कुठेच नसते. जाहिरात नुसती येत नाही.

संरक्षणाच्या बाजूलाही काही आहे. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. ७ जून २०२३ ला कोल्हापुरात सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून तणाव पेटला आणि मोबाइल इंटरनेट बंद झालं, तेव्हा हा कायदा कामाचा नव्हता. बातमीदाराचा फोटो त्याच्याच मोबाइलमध्ये अडकतो, अफवा मात्र पायी चालत पोचते. अशा बंदीचे आदेश प्रसिद्ध करावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्येच सांगितलं होतं.

१८६७ चा कायदा १ मार्च २०२४ ला गेला. नव्या कायद्यात डिक्लेरेशन नाही, ऑनलाइन नोंदणी आहे. त्याच वर्षी केंद्राच्या कारभाराबद्दलचा ऑनलाइन मजकूर खोटा ठरवू शकणाऱ्या सरकारी फॅक्ट चेक युनिटचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. ऑगस्ट २०२५ पासून त्याच न्यायालयाचं सर्किट बेंच (खंडपीठ) कोल्हापुरात बसतं आहे. बर्व्यांना मुंबई गाठावी लागली होती. जुन्या दंड संहितेतली बदनामीची कलमं ४९९ आणि ५०० आता भारतीय न्याय संहितेत ३५६ झाली आहेत. कमाल शिक्षा पूर्वीइतकीच, दोन वर्षं. समाजसेवेचा पर्याय तेवढा नवा.